उठवणीची रिकार्ड

माणूस गाण्यावर डोलतो, गाण्यावर रडतो, ते सगळं खरं. पर माणूस उठतो ते गाणं संपल्यावर. ही गोष्ट आख्ख्या सोलापुरात पयल्यांदा मला कळली. हसू नका. शुक्रवार पेठंत गुरुबसप्पाचं हॉटेल हाय, त्येच्या पोटमाळ्यावर बसून मी रिकार्डी लावतो. वरनं मला खालच्या माणसांची नुसती डोसकी दिसतात, आन डोसकं खोटं बोलत न्हाय. गाणं चालू हाय तवर ते हालत असतं. गाणं संपलं की थांबतं, आन मग त्येला घर आठवतं, बायकू आठवती, काम आठवतं.

मी धुळा. सांगोल्याकडचा धनगर. बाहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं चाऱ्याबिगर मेली. माजा बा, येडू, उरलेली अकरा मेंढरं आन मला घिऊन सोलापूरच्या अंगाला आला. तवा ह्या गुरुबसप्पानं आमाला दोन महिनं भाकरी घातली, फुकट. हे आदीच सांगून ठेवतो, न्हाईतर फुडं मी त्येला शिव्या देईन तवा तुमी म्हणाल, पोरगं खाल्ल्या घरचं वासं मोजतंय. पाऊस झाल्यावर बा गावाकडं निघाला आन निघताना त्येनं बिरोबाचा भंडारा उचलला. भंडारा म्हंजे देवाची हळद. ती मुठीत घिऊन धनगर बोलला की ते बोलणं मोडायचं नसतं. बा म्हणला, “मालक, तुमी तुमच्या तोंडानं जा म्हणंस्तवर हे पोरगं तुमचं.” मला कुणी इचारलंच न्हाय. अठरा वरसाचा घोडा मी, शेजारी उभा हुतो.

आन गुरुबसप्पा काय कच्चा गडी हाय व्हय? त्या दिसापासनं त्येनं मला ‘जा’ हा शब्दच कदी वापरला न्हाय. दुधाला धाडायचं तर “दूध घिऊन ये.” पोस्टात धाडायचं तर “पत्र टाकून ये.” राग आला तर “मर तिकडं” म्हणंल, पर “जा मर” न्हाय म्हणायचा. एकदा मी मुद्दाम कपबश्यांचा ट्रे पाडला. आठ कप फुटलं. मालक लालबुंद झाला, तोंड उघडलं, “जा—” पतूर आला आन थांबला. डोळं मिचकावलं आन म्हणला, “जागा पुसून घे.” तवाच मला कळलं, ह्या माणसापुडं आपली डाळ शिजायची न्हाय.

पयलं मी टेबलं पुसायचो. रिकार्डी लावणारा माणूस पळून गेला तवा मला वर चढवलं. पोटमाळा बरुबर भट्टीच्या वर. उभं ऱ्हायलं तर डोसकं पत्र्याला लागतंय, बसलं तर बुडाखाली च्याची वाफ. एक मशीन, एक ॲम्प्लिफायर, दाराबाहेर एक कर्णा, आन खोक्यात सव्वाशे रिकार्डी. मराठी हुत्या, हिंदी हुत्या, अक्कलकोटाकडच्या लोकांसाठी कानडी, विणकरांसाठी तेलगू, आन कव्वाल्या. उन्हाळ्यात रिकार्डी वाकायच्या. मी त्येंच्यावर फडक्यानं वारा घालायचो, आन मला वारा घालायला कोण न्हाय.

पर खरं सांगू? त्या मशीनवर माजा जीव जडला. मशीन एकच, तवा एक रिकार्ड काढून दुसरी लावायची तर मदी शांतता पडायची. त्या शांततेत माणसं उठायची. मी म्हणलं, ही मदली फटच बुजवून टाकली तर? मग शिकलो. गाणं संपत आलं की आवाज हळूच उतरवायचा, थाळी फिरतीच ठेवायची, तव्यावरची भाकरी उलथावी तशी एक रिकार्ड उचलायची आन दुसरी टाकायची. पीन कुटं ठिवायची ती जागा ठाऊक पायजे, म्हणून हरएक रिकार्डीवर मी खडूचा ठिपका दिला हुता. घोट गिळायला लागतो तेवडा येळ, बास. खालच्या माणसाला वाटायचं, येकच गाणं चाललंय, त्येच्यातनंच दुसरं निघालं. बोटं पोळली, चार रिकार्डी फोडल्या, शिव्या खाल्ल्या, पर जमलं. असं लावणारा दुसरा माणूस मला दाखवा.

गुरुबसप्पाला ह्येचं काय कौतुक न्हाय. त्येला पायजे उलटं. हॉटेलात बाकडी सहा, गिऱ्हाईक ढीगभर. एका कपावर माणूस तास तास बसाय लागला तर कसं व्हायचं? “एनो धुळ्या,” खालनं कानडी हेलात वरडायचा, “बसवतोस काय? उठव की!” मग मी उठवायचंबी शिकलो. गाणं पुरतं संपू द्यायचं. पीन रिकामी खरखरू द्यायची, पाच श्वास मोजायचे. मग ब्यांडाची एक रिकार्ड हुती माज्याकडं, नुसता बाजा आन ताशा, ती लावायची. बाजा सुरू झाला की माणसं आपोआप धोतर झटकत उठायची. का उठलो ते त्येंना ठाऊक नसायचं. हॉटेलातली पोरं त्या रिकार्डीला ‘उठवणी’ म्हणाय लागली.

आता गिरणीचं सांगतो. हॉटेलापासनं गिरणीचं फाटक हाकेच्या अंतरावर. दुपारची पाळी तीनला, तवा भोंगा व्हायचा. पर बदलीवाल्यांना भोंग्याआदी जावं लागायचं. बदलीवाला म्हंजे ज्येला कायमचं काम न्हाय. कुणी गैरहजर असला तर त्येच्या जागी घेतात. त्येंनी पावणेतीनला फाटकापाशी लाइन लावायची, जॉबर, म्हंजे गिरणीतला मुकादम, येऊन फुडची माणसं उचलायचा, मागची परत. लाइनीत मागं पडला तो उपाशी. आन ह्या लोकांकडं घड्याळ कुटलं? हॉटेलात एकच घड्याळ, गुरुबसप्पाच्या मनगटावर. मालक हात गल्ल्यावर ठिवून बसायचा आन माळ्याच्या फळीच्या फटीतनं मला बरुबर काटे दिसायचे. मोठा काटा नवावर आला की मी उठवणी लावायचो. मालक खूश, कारण बाकडी रिकामी व्हायची. बदलीवालं खूश, कारण त्येंना येळ कळायची. कुणी कुणाला काय सांगितलं न्हाय, बोली न्हाय, करार न्हाय, पर ते लोक माज्या रिकार्डीवर इसंबून बसायला लागलं. भोंग्यावर नसंल एवडा त्येंचा माज्यावर भरवसा.

त्या बदलीवाल्यांतला एक मायाप्पा. माज्याच गावचा, दुष्काळात खडी फोडायला माज्या शेजारी बसायचा. मोठा शांत गडी. रोज दोनला यायचा, भिताडाकडचं बाकडं धरायचा, एक च्या घ्यायचा आन डोळं मिटून गाणं ऐकायचा. डोसकं डुलायचं न्हाय त्येचं, फकस्त मांडीवर बोटं चालायची. त्येची बायकू तानाबाई आन एवडंसं पोरगं गावाकडं. कायम झालो की खोली घेतो, त्येंना आणतो, हे त्येचं तीन वरसाचं गाणं. शेवटी जॉबर त्येला म्हणला, “हा आठवडा सोमवार ते शनवार, रोज लाइनीत पयला दिसलास तर तुजं नाव कायमच्या यादीत घालतो.” मायाप्पानं मला सांगितलं तवा त्येचं तोंड बगायला पायजे हुतं तुमी. मीच म्हणलं, “लेका, मी हाय की वर. बिनघोर बस.” माज्याच तोंडानं म्हणलं.

त्याच आठवड्यात अकलूजचा जोतीराम आला. शहात्तर सालचा फेब्रुवारी, लग्नसराई तोंडावर. जोतीरामदादाचं अकलूजला लाऊडस्पीकरचं दुकान, जीपगाडी, आन दोन मशीन. दोन! एकीवर गाणं चालू, दुसरीवर फुडचं तयार. बोटं न पोळता मी काय काय केलं असतं! शिडी चढून तो वर माळ्यावर आला, वाकून बसला, माजे हात बगितले, खडूचे ठिपके बगितले.

“ही कल्पना कुणाची?”

“माजीच की.”

“गड्या, लग्नात पंगत बसली की उठू नये, आन नवरी निघाली की मांडव रेंगाळू नये. माझ्या माणसांना हे जमत न्हाय. उठवणं तुझं ऐकलंय मी, सगळी पेठ सांगती. बसवून दाखव. शनिवारी दोन ते तीन मी खाली बसतो. एक माणूस जरी उठला तरी मी चाललो. न्हाय उठला तर मंगळवारी माढ्याला लग्न हाय, तिथं मशीनवर तू.”

मी “व्हय” म्हणलं. तेवड्या येळात मला पावणेतीनाची आठवण झाली न्हाय. देवाशप्पत न्हाय झाली.

मग मालकापुडं गेलो. त्येला सगळं सांगितलं, हात जोडलं. गुरुबसप्पानं शांतपणानं ऐकलं, इभूतीचं बोट कपाळाला लावलं. “तुजा बा भंडारा उचललाय,” म्हणला. “मी तुला बांधून ठिवलो न्हाय. तुज्या जागी माणूस बसव, धड शिकव. तो बसला की मी तो शब्द बोलतो.” चार वरसात पयल्यांदा त्येनं कबूल केलं की तसा एक शब्द हाय म्हणून. पर माणूस आणू कुटनं? त्या भट्टीवर भाजून घ्यायला कोण तयार हुतंय? तीन जणांना इचारलं, तिघंबी हसली.

शनवार उजाडला. दोनला जोतीरामदादा येऊन दाराजवळ बसला. मायाप्पा भिताडाकडं. सहाच्या सहा बाकडी भरल्याली. मालकाला मी सांगितलं हुतं, आज एक तास मला काय बोलू नका. तो कुरकुरला, पर जोतीरामनं सगळ्या बाकड्यांना भजी सांगितल्यावर गप बसला.

काय लावलं मी त्या दिवशी! एक कानडी पद लावलं, त्येच्यातनं मराठी लावणी काढली, लावणीचा ठेका उतरतोय तवर तेलगू गाणं, त्येच्या बासरीतनं कव्वालीची टाळी. फट म्हणून न्हाय. खाली च्या थंड झाला, कुणी प्याला न्हाय. विणकरांची दोन पोरं तोंड उघडं टाकून वर माळ्याकडं बगत ऱ्हायली. मी घामानं न्हालेला, आन माज्या मनात एकच, धुळ्या, तू हितला न्हाईस.

आन फटीतनं बगितलं तर काटा आठाच्या फुडं.

तवा आठवलं. खाली मायाप्पा डोळं मिटून बसल्याला, बोटं मांडीवर चाललेली. त्येच्या शेजारी आणखी चारपाच बदलीवालं. उठवणीची रिकार्ड माज्या उजव्या हाताला, खोक्यात पयलीच. जोतीरामनं मान वर केली आन माज्याकडं बगून हसला. काटा नवावर आला. मी म्हणलं, उठतील की आपणहून, काय ल्हान पोरं हायत? म्हणलं, पाच मिनटांनी काय हुतंय. म्हणलं, हे गाणं सरू दे. आन ते गाणं सरायच्या आत मी फुडचं टाकलं. माज्या ह्याच हातांनी. काटा दहावर गेला, अकरावर गेला. एकबी माणूस उठला न्हाय. तुमाला सांगतो, माजं काळीज भीतीनं कापत हुतं आन हात आनंदानं चालत हुतं, दोन्ही एकदम.

भोंगा झाला.

सगळी बाकडी एकदम मागं सरकली. मायाप्पा उठला, वर बगितलं, आन पळाला. त्येची एक चप्पल उंबऱ्यात ऱ्हायली. कायमचं कामगार भोंग्यावर आत शिरलं, त्येंचं काय बिघडलं न्हाय. बदलीची लाइन तर केवाच फुटली हुती. जोतीरामदादानं मला खाली बोलवून पाठीवर थाप टाकली, “सोमवारी तीनला गाडी आणतो,” म्हणला. मी त्येच्या पाया पडलो. पाया पडताना ती चप्पल दिसत हुती.

मायाप्पा साडेतीनला परत आला. चप्पल पायात सरकवली, बाकड्यावर बसला. जॉबरनं यादीतलं नाव खोडलं हुतं, बदलीचा पासबी काढून घेतला हुता. “येळ पाळता येत न्हाय त्येला कायम कसा करू,” म्हणला म्हणं. मी समोर उभा. मला वाटलं, आता मारतोय. बरं झालं असतं मारलं असतं तर.

“तुजी चूक न्हाय गड्या,” तोच म्हणला. “आज रिकार्डी अशा लागल्या, माजं भानच गेलं. तू उठवणी लावली असशील, मलाच ऐकू आली न्हाय.”

मी काय बोललो ठाऊक हाय? कायबी न्हाय. मान हलवली. आन आईतवारी, लाज वाटती सांगायला, मीच त्येला म्हणलं, “माज्या जागंवर बसशील? मी चाललो अकलूजला. मालक तयार हाय.” त्येचे डोळं भरून आलं. माजा हात धरून म्हणला, “तू हाईस म्हणून, धुळा. पोटाची सोय झाली.” घरी तसं पत्रबी लिवून घेतलं त्येनं, तानाबाईला.

सोमवारी सकाळपासनं शिकवायला बसलो. चांगला शिकला. बोटं खडी फोडल्याली, पर हलकी. ठिपका कळला, आवाज उतरवणं कळलं, दोनदा तर थाळी फिरती ठिवून रिकार्ड बदलली त्येनं. मी खुशीत. माजी पिशवी शिडीपाशी बांधून ठिवल्याली. अडीचलाच खाली जीप आली, जोतीरामदादा च्या घ्यायला बसला. गुरुबसप्पानं वर बगून इचारलं, “जमतंय काय?” मी म्हणलं, “जमतंय मालक.” आता एका शब्दाचा प्रश्न हुता. आन माजं तोंड सुटलं.

“हिकडं ये, ही फट बग,” मी मायाप्पाला म्हणलं. “खाली मालकाचं मनगट दिसतंय? काटा नवावर आला की उठवणी लावायची. खाली बदलीवालं तुज्यावर इसंबून असत्यात. हितं गफलत चालायची न्हाय.”

तो फटीला डोळा लावून पालथा पडला. “लई साफ दिसतंय की.”

“मग! चार वरसं झाली, कदी चुकलो न्हाय. बाजूला गाणं कितीबी रंगू दे, माजा एक डोळा काट्यावर असतोच.”

मायाप्पा उठून बसला न्हाय. तसाच पालथा, फटीला डोळा लावून म्हणला, “शनवारीबी हुता?”

मी खोक्यातल्या रिकार्डी सारख्या करू लागलो.

“धुळा. शनवारी काटा दिसला हुता तुला?”

खोटं बोलता आलं असतं. इसरलो म्हणायचं, नादात ऱ्हायलो म्हणायचं, त्येनं मानलं असतं. पर आत्ताच चार वरसांची फुशारकी मारून बसलो हुतो, आन तो वळून माज्या तोंडाकडं बगत हुता. “जोतीरामदादा बसला हुता,” मी म्हणलं. “एकबी माणूस उठायचा नव्हता.”

“म्हंजे तू मला बसवलंस.”

“मायाप्पा—”

“मी तुज्यावर इसंबून हुतो, आन तू मला बसवलंस.”

आवाज चढवला न्हाय त्येनं. वाकून बसला, फटीतनं पुन्यांदा बगितलं. चालू गाणं संपत आलं हुतं. त्येनं ते संपू दिलं. पीन खरखरू दिली, मी शिकवल्याली तेवडीच, पाच श्वास. मग खोक्यातनं उठवणीची रिकार्ड काढली, फडक्यानं पुसली, आन लावली. एवडी बेतशीर मलाबी कदी लागली नव्हती. खाली बदलीवालं धोतर झटकत उठलं.

“माज्याकडं पास न्हाय,” मायाप्पा म्हणला, “तरी लाइनीत उभा ऱ्हातो. जॉबरच्या पाया पडीन. तितं कोण मला गाणं लावून बसवत न्हाय.” शिडीवर पाय ठिवून तो थांबला. “जातो,” म्हणला. आमच्यात कुणी असं म्हणत न्हाय, सरणावर निघाल्यागत वाटतं. माणूस ‘येतो’ म्हणतो. तो जातो म्हणला आन उतरला.

मी पिशवी उचलून त्येच्या मागं खाली आलो. जोतीरामदादा कप ठिवून उठला, “निघायचं?” म्हणला. गुरुबसप्पानं गल्ल्यावरनं आदी दाराकडं बगितलं, मग वर रिकाम्या माळ्याकडं, मग माज्याकडं.

“माणूस कुटाय?”

“गेला, मालक.”

“मग तू कुटं निघालास?”

त्येच्या आवाजात राग नव्हता. वर बाजा सरला हुता आन पीन नुसतीच खरखरत हुती. जोतीराम म्हणला, “मी जीप चालू करतो, बघ तुझं काय ते.” मी उभा ऱ्हायलो. मूठभर हळद काय करंल मला, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, एका माणसाचा भरवसा परवाच मोडलाय, आता बाचाबी मोडतोस? जीप दोनदा वाजली आन गेली.

मी वर चढलो आन कव्वाली लावली. बाकडी पुन्यांदा भरली.